मुळांपर्यंतचा प्रवास : कृत्रिम संजीवके आणि आपली शेती

आठवीत असताना पोळ्याच्या सुटीत वसतिगृहातून घरी गेलो, तेव्हा आमच्या दोन एकर कपाशीची पाने ओळखू येत नव्हती. रुंद पाने निमुळती होऊन भेंडीच्या पानासारखी चिरली होती, शेंडे वाकडे झाले होते. कोणी म्हणाले बियाणे खोटे, कोणी म्हणाले रोग आला. वडिलांनी शेजाऱ्याचा फवारणी पंप उसना आणून साध्या पाण्याने खंगाळून वापरला होता आणि त्याच पंपातून पूर्वी २,४-डी हे तणनाशक फवारलेले होते, एवढी एकच गोष्ट कोणाच्या ध्यानात आली नाही. त्या वर्षीचा कापूस गेला. कारण मला कळले ते पुढे कृषी शिक्षण घेताना. आपल्या शाळेतील बहुसंख्य मुले शेतकरी व शेतमजुरांच्या घरांतून येतात. म्हणून या स्मरणिकेसाठी हाच विषय निवडला.

वनस्पतींना आपल्यासारखी मज्जासंस्था नाही. शेंड्याचा निरोप मुळापर्यंत पोहोचतो तो संजीवकांच्या द्वारे. त्यांतील प्रमुख म्हणजे ऑक्झिन. हॉलंडमधील शास्त्रज्ञ फ्रिट्स वेंट यांनी १९२० च्या दशकात ओटच्या कोवळ्या कोंबांवर प्रयोग करून त्याचे अस्तित्व दाखवून दिले. कोवळ्या पानांत आणि शेंड्यांत तयार झालेले ऑक्झिन पेशीमागून पेशी ओलांडत खाली सरकते. ही चाल ताशी सुमारे एक सेंटीमीटर, म्हणजे अगदी मंद. पण तिला निश्चित दिशा असते.

ती दिशा कशी ठरते? पेशींच्या भित्तिकेतील ओलावा काहीसा आम्लधर्मी असतो. तेथे ऑक्झिनचे काही रेणू भाररहित राहतात आणि पेशीपटलातून आत झिरपतात. आत आम्लता कमी असल्याने त्यांच्यावर ऋण भार येतो आणि आलेल्या वाटेने त्यांना परतता येत नाही. बाहेर पडण्यासाठी ‘पिन’ नावाच्या प्रथिनांची दारे लागतात. ही दारे पेशीच्या एकाच अंगाला अधिक असतात. ज्या अंगाला दारे, त्या अंगाला प्रवाह. आत येण्यासाठीही ‘ऑक्स-१’ नावाचे वेगळे दार आहे. मुळाच्या मध्यभागातून ऑक्झिन टोकापर्यंत उतरते आणि तेथून वळून बाहेरच्या पेशींमधून थोडे वर चढते. उलट्या कारंज्यासारखी ही रचना आहे. मूळ आडवे पडले, की खालच्या बाजूस ऑक्झिन अधिक साठते, त्या बाजूची वाढ मंदावते आणि मूळ पुन्हा जमिनीकडे वळते. अल्प प्रमाणात ऑक्झिन उपमुळे फोडते, अधिक झाले तर मुळाची लांबी खुंटवते. द्राक्षाच्या खुंटाच्या काड्या आयबीए या संजीवकात बुडवून लावतात, त्यामागे हेच तत्त्व आहे.

आता कृत्रिम संजीवकांकडे वळू. एनएए हे दाराची वाट न पाहता पेशीपटलातून सहज आत शिरते, मात्र ‘पिन’च्या दारांतून बाहेर पडू शकते. २,४-डीचे वागणे नेमके उलट आहे. ते ‘ऑक्स-१’च्या दाराने आत येते, पण ‘पिन’ त्याला फारसे ओळखत नाही. स्वतःचे जास्तीचे ऑक्झिन वनस्पती लवकर निकामी करते. रुंद पानांच्या वनस्पतींना २,४-डीचा निचरा तितक्या लवकर करता येत नाही. पानावर पडलेले २,४-डी रसवाहिन्यांतून साखरेसोबत शेंड्यांकडे आणि मुळांच्या टोकांकडे जाते आणि तेथेच अडकून राहते. निरोप एकदा देऊन थांबण्याऐवजी अखंड कानात ओरडत राहावा, तशी पेशींची अवस्था होते. ज्वारी, ऊस यांसारखी गवतवर्गीय पिके त्याचे विघटन करू शकतात, म्हणून ती तगतात. कपाशी मात्र याबाबतीत अतिशय हळवी आहे. पंपाच्या तळाशी उरलेला अंश किंवा वाऱ्याने आलेले तुषारही तिला पुरतात.

गंमत अशी, की हेच २,४-डी आपल्या जिल्ह्याची ओळख असलेल्या मोसंबीची फळगळ थांबवण्यासाठी शंभर लिटर पाण्यात अवघे दीड ग्रॅम, म्हणजे १५ पीपीएम, या मात्रेत युरियासोबत फवारतात. मात्रा बदलली की औषधाचे विष होते. ज्याच्या शेतात मोसंबी आणि कपाशी शेजारी आहेत, त्याने हे कधीही विसरू नये.

काही रसायने मुळांतूनच वर जातात. कोकणात हापूसला नियमित मोहोर यावा म्हणून पॅक्लोब्युट्राझॉल झाडाच्या बुंध्याभोवती मातीत देतात. मुळे ते शोषतात आणि जलवाहिन्यांतून पाण्याच्या ओढीने ते शेंड्यांपर्यंत चढते. तेथे जिबरेलिन या संजीवकाची निर्मिती रोखून पालवी आवरते. ते खाली उतरत नाही, म्हणून पानांवर फवारण्यापेक्षा मुळाशी देणे प्रभावी ठरते. पण ते मातीत दीर्घकाळ टिकते. म्हणून झाडाच्या विस्ताराच्या व्यासाप्रमाणे मोजूनच द्यावे लागते.

जिबरेलिन रोखणारे दुसरे रसायन म्हणजे द्राक्षबागायतदारांच्या परिचयाचे सीसीसी. वेलीची वाढ आवरून घड निघावेत म्हणून ते वापरले जाई. २०१० मध्ये त्याचेच अवशेष मर्यादेपेक्षा जास्त आढळल्याने युरोपात भारतीय द्राक्षे अडकली आणि महाराष्ट्रातील उत्पादकांना मोठा फटका बसला. युरोपची मर्यादा होती किलोला ०.०५ मिलिग्रॅम. कडवंचीसारख्या द्राक्षांच्या गावांमुळे हा धडा आपल्या जिल्ह्यालाही जवळचा आहे. वेलीत शिरलेले रसायन फळ धुतल्याने निघून जात नाही.

तात्पर्य थोडके आहे. तणनाशकाचा पंप वेगळा ठेवावा आणि त्यावर ठळक खूण करावी. वारा वाहत असताना २,४-डी फवारू नये. मात्रा अंदाजाने न घेता मोजून घ्यावी. डब्यावरील मजकूर वाचता येत नसेल, तर घरातील शिकत्या मुलामुलीकडून वाचून घ्यावा. मात्र फवारणीचे काम मुलांच्या हाती देऊ नये. पोळ्याच्या त्या सुटीत आमच्या घरात वाचता येणारा एक मुलगा होता. तो डबा त्याला कोणी दाखवला नाही, आणि त्यानेही विचारले नाही.