पलीकडचे दोघे

न्यूझीलंडच्या पाच डॉलरच्या नोटेवर एका बाजूला एडमंड हिलरी आहेत आणि दुसऱ्या बाजूला डोक्यावर पिवळा पट्टा असलेला पेंग्विन. माओरी लोक त्याला ‘होईहो’ म्हणतात. शास्त्रीय नाव ‘मेगाडिप्टिस अँटिपोडिस’. त्याच देशाच्या ओढ्यांत आणि तळ्यांत गव्हाच्या दाण्याएवढी एक गोगलगाय राहते, ‘पोटॅमोपिर्गस अँटिपोडॅरम’. नावाचा उत्तरार्ध दोघांचा जवळपास एकच. अर्थ, पृथ्वीच्या पाठीवर थेट पलीकडे, आपल्या तळव्यांना तळवे लावून उभे असलेले. १८४१ आणि १८४३मध्ये ही नावे युरोपीयांनी दिली, म्हणून ‘पलीकडचे’ म्हणजे युरोपच्या पलीकडचे.

होईहोचा संसार सावकाश चालतो. झाडाझुडपांत, दुसरी जोडी दिसणार नाही अशा आडोशाला घरटे, हंगामाला साधारण दोन अंडी, आणि ती नर-मादी आळीपाळीने उबवतात. गोगलगायीचे गणित वेगळे. तिच्या अनेक माद्यांना नर लागतच नाही. पिल्ले आईच्या शिंपल्यातच वाढतात आणि जन्मतात ती जवळपास तिच्याच नकला म्हणून. एकोणिसाव्या शतकात ती इंग्लंडला पोचली, १९८७मध्ये अमेरिकेतल्या आयडाहोच्या स्नेक नदीत सापडली. ट्राउट माशाने गिळली तरी शिंपल्याचे झाकण मिटून पुष्कळदा जिवंत बाहेर पडते. काही परक्या प्रवाहांत एका चौरस मीटरमध्ये तिची संख्या लाखावर गेली आहे.

मग नराशिवाय इतके साधते, तर मायदेशी नर टिकले कसे? कर्टिस लाइव्हली यांनी तिथल्या तळ्यांत याचा शोध घेतला. या गोगलगायीला वांझ करणारे परजीवी चपटे कृमी तिथे आहेत. एकसारख्या नकलांची संख्या वाढली, की कृमी नेमके त्यांनाच गाठायला शिकतात. नर-मादीची सरमिसळ झालेली संतती त्यांना चकवते. कृमी जिथे जास्त, तिथे नरही जास्त आढळले. परदेशात हे कृमी मागेच राहिले. शत्रू नाही, म्हणून नराची गरज नाही.

होईहोची गोष्ट नेमकी उलटी. वटवाघळे सोडली, तर या बेटांवर जमिनीवर राहणारा मूळचा सस्तन प्राणी नव्हता. तिथे दोन अंडी पुरेशी होती. पुढे जहाजांतून मांजरे आली. ससे आवरण्यासाठी मुंगसाच्या चणीचे स्टोट आणि फेरेट आणले गेले. समुद्रात मासेमारीची जाळी आली. आज हा पेंग्विन संकटग्रस्त यादीत आहे.

एकाला घर सोडल्यावर शत्रूंपासून सुटका मिळाली. दुसऱ्याच्या घरी शत्रू चालून आले. दोन्ही वेळा ने-आण केली ती माणसाने. म्हणून गोगलगाय ‘चिवट’ आणि पेंग्विन ‘दुबळा’ हा निवाडा घाईचा ठरतो.

२००८मध्ये जुन्या हाडांतल्या डीएनएवरून आणखी एक गोष्ट कळली. न्यूझीलंडच्या मुख्य भूमीवर पूर्वी होईहोचा एक नातलग नांदत होता. माणूस आल्यावर काही शतकांतच तो संपला आणि त्याच्या जागी दक्षिणेकडच्या बेटांवरून होईहो आला. मेगाडिप्टिस या प्रजातीगटातला आज जिवंत असलेला तो एकटाच. त्याची जागा घ्यायला आता दुसरा नातलग उरलेला नाही.