पणतीच्या पोटातली जागा

बॅटरीवरच्या पणतीत तेल नसते, वात नसते. तरी तिची ज्योत थरथरते. एवढ्याशा पोटात ही थरथर मावते कशी, हे समजून घेण्यासाठी मी तशी एक पणती जुळवली. त्यासाठी 'एटीटायनी ८५' हा मायक्रोकंट्रोलर घेतला. आठ पायांच्या या चिपमध्येच प्रोसेसर, स्मृती आणि घड्याळ असते. आज्ञावलीसाठी ८ किलोबाइट आणि चालू हिशेबासाठी ५१२ बाइट एवढीच जागा. पण पणतीला ती पुष्कळ होते.

ही चिप दिवा सेकंदाला शेकडो वेळा लावते आणि विझवते. डोळ्यांना ती उघडझाप दिसत नाही. दिवा लागलेला राहण्याचा काळ वाढला की उजेड वाढल्यासारखा वाटतो, घटला की मंदावल्यासारखा. हा काळ आकड्यांची एक मालिका ठरवते. मालिका गणिताने बांधलेली असते, पण इतकी लांब, की पाहणाऱ्याला ती वाऱ्याची लहर वाटते.

खरी जागा खातो तो सेल. 'सीआर २०३२' या नावातच त्याचे माप आहे: व्यास २० मिलिमीटर, जाडी ३.२. त्यात साधारण २२० मिलिअँपिअर-तास वीज असते. दिव्याला सरासरी २ मिलिअँपिअर धरले, तर ११० तास. रोज ५ तास लावल्यास २२ दिवस. दिवा विझवून चिपला झोपवले आणि तेव्हाचा खर्च ५ मायक्रोअँपिअर धरला, तर कागदावर तोच सेल ५ वर्षे पुरतो. वर्षभर माळ्यावर पडणाऱ्या पणतीचे आयुष्य या झोपेवर ठरते.

मात्र याच सेलमुळे झाकणाचा प्रश्न येतो. मुलाने गिळलेला सेल अन्ननलिकेत अडकला, तर ओलाव्यातून वीज वाहते, तिथे तीव्र अल्कली तयार होते आणि २ तासांतही खोल जखम होऊ शकते. दिवा पेटवू न शकणारा जुना सेलही हे करू शकतो. अमेरिकेत २०२२ साली झालेल्या 'रीसेज लॉ'नंतर अशा वस्तूंचे झाकण सहज न उघडणारे असावे लागते.

म्हणून माझ्या पणतीत चिपपेक्षा जास्त जागा मी झाकणाच्या स्क्रूला दिली. पणती विकत घेताना झाकण नखाने उघडते का, ते पाहावे. मुलाने सेल गिळल्याची नुसती शंका आली, तरी लक्षणांची वाट न पाहता थेट रुग्णालय गाठावे.