तगादा आणि कायदा

मृगाचा बहार फुटला नाही की पांढुर्णा-सौंसरकडे कर्जाचे हप्ते थकतात आणि वसुलीदार दारात ठाण मांडतो. घेतलेले कर्ज फेडावे, याविषयी आमचा वाद नाही. आक्षेप आहे तो चारचौघांत अब्रू घेण्याला.

हा मुलूख मध्यप्रांतात असतानाच, १९३७ साली, ऋणकोंच्या संरक्षणाचा कायदा झाला. कर्जदाराचा पाठलाग करणे, त्यास धमकावणे, त्याच्या घराभोवती घुटमळणे हा त्यात गुन्हा ठरला. मध्यप्रदेशात पोलीस आजही त्याखाली गुन्हे नोंदवितात. त्याआधीच्या १९३४ च्या कायद्याने सावकारावर दरसाल हिशेबाचा उतारा व भरलेल्या रकमेची पावती देण्याचे बंधन घातले. आमच्या भगिनी ती मागण्यास उगाच संकोचतात.

बँका व वित्तसंस्थांना रिझर्व्ह बँकेने २०२२ साली बजावले की, थकबाकीसाठी सकाळी ८ पूर्वी व सायंकाळी ७ नंतर फोन करू नये. महिलांच्या गटांना मिळणाऱ्या लहान कर्जांस हीच मर्यादा ९ ते ६. शिवीगाळ वर्ज्यच. रात्री दहाला आलेल्यास पाणी द्यावे, हप्ता सकाळी!

तक्रार प्रथम त्या संस्थेकडे लेखी करावी व पोच घ्यावी. ३० दिवसांत दाद न लागल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जावे. तेथे फी नाही. चौकशीसाठी दूरध्वनी १४४४८. मारहाण वा धमकी झाल्यास मात्र ३० दिवस थांबू नये, तडक ठाण्यात जावे.