फरी-गदग्याच्या जोडीसरावातील वार व बचाव

महाराष्ट्रातील मर्दानी खेळांपैकी फरी-गदगा हा ढाल-तलवारीच्या युद्धाचा सराव होय. गदगा म्हणजे चामड्याने मढविलेली काठी. फरी म्हणजे चामड्याची लहान ढाल. फरीवर प्रतिस्पर्ध्याचा वार झेलला जात असतानाच, त्या वारामुळे उघड्या पडलेल्या त्याच्या अंगावर गदगा उतरतो. बचाव व वार या येथे एकाच हालचालीच्या दोन बाजू ठरतात.

कराटेतील प्राथमिक जोडीसरावात (इप्पोन कुमिते) मात्र आधी अडविणे, मग प्रतिटोला असा क्रम असतो. नवशिक्यास तो आवश्यकच. परंतु तेथेच थांबल्यास दोहोंमधील विराम अंगवळणी पडतो आणि हल्लेखोराचा दुसरा वार नेमका त्या विरामात येतो.

उल्हासनगर, अंबरनाथ वा बदलापूर येथील महाविद्यालयांनी विद्यार्थिनींसाठी अल्पमुदतीचे स्वसंरक्षण वर्ग योजताना हा भेद ध्यानी घ्यावयास हवा. आरंभी ठरलेला वार संथ गतीने द्यावा. पुढे झेलणे व टोला यांतील अंतर कमी करीत न्यावे. अखेरीस वाराची बाजू आधी सांगू नये. वार करणारा जोडीदार भिडेपोटी हात आखडता घेत असेल, तर झेलणारीस अंतराचा अंदाज कधीच येत नाही.