संगमरवराच्या पोटातलं भोक

छताला भोक न पाडता जेवणाच्या टेबलावर दिवा कसा आणायचा? मिलानच्या आकिल्ले आणि पिएर जाकोमो कास्तिल्योनी या भावांनी १९६२ मध्ये रस्त्यावरच्या दिव्याच्या खांबाकडे पाहून उत्तर काढलं: ‘आर्को’. पोलादी कमान पायथ्यापासून सुमारे दोन मीटर पुढे झुकते. टेबलामागून माणूस ताट घेऊन सहज जाऊ शकतो.

मग तो कलंडत का नाही? तरफेचा नियम. समजा, दोन मीटरवर एक किलो टांगलं आणि पायथ्याचा गुरुत्वमध्य पुढच्या कडेपासून वीस सेंटीमीटर मागे आहे. तोल साधायलाच दहा किलो लागतील. शिवाय कमानीचं वजन, कुणाचा धक्का. म्हणून पायथ्याला सुमारे ६५ किलोंचा कारारा संगमरवर. दगड घन असल्याने एवढं वजन थोडक्या जागेत मावतं.

त्यातलं आरपार भोक शोभेचं नाही. त्यात झाडूचा दांडा घालायचा आणि दोघांनी दिवा उचलायचा! कोपरेही तासलेले, लागू नयेत म्हणून. दिव्याच्या टोपीतल्या छिद्रांतून बल्बची उष्णता निघून जाते.

साठीनिमित्त २०२२ मध्ये हा दिवा बनवणाऱ्या फ्लॉस कंपनीने ‘आर्को के’ ही मर्यादित आवृत्ती काढली. नग २०२२, पायथा पारदर्शक स्फटिक-काचेचा. आतली जोडणी आता उघड दिसते. देखणं आहे खरं, पण माझं मत दगडालाच: काचेवर बोटांचे ठसे कोण पुसत बसणार?