एकाच खेपेची दोनदा नोंद

समजा, बावडा परिसरातल्या एखाद्या साखर कारखान्यात वजनकाट्यावर एक संगणक आहे आणि हिशेबाच्या खोलीत दुसरा, म्हणजे सर्व्हर. काट्यावरचा प्रोग्रॅम सर्व्हरवरचे फंक्शन आपल्याच घरातले असल्यासारखे वापरतो. यालाच आरपीसी म्हणतात. बिरेल आणि नेल्सन यांनी १९८४ साली त्याची रचना सविस्तर मांडली.

सर्व्हरच्या बाजूला 'सी'मध्ये आपल्याला फार थोडे लिहावे लागते. फंक्शनचे वर्णन एका फाइलीत दिले की 'आरपीसीजेन' हा प्रोग्रॅम संदेश उलगडणारा आणि उत्तर बांधणारा भाग तयार करून देतो. नोंद करणारे फंक्शन तेवढे आपले. (त्याचे उत्तर स्टॅटिक चलात ठेवावे; साध्या चलाची जागा फंक्शन संपताच दुसऱ्याची होते.)

खरी गोम पुढेच आहे. 'ही खेप १२ टन, खात्यात मिळवा' असा संदेश गेला. सर्व्हरने १२ टन मिळवले, पण उत्तर वाटेत हरवले. यूडीपीवर असे घडू शकते. थोडी वाट पाहून काटा तोच संदेश पुन्हा पाठवतो आणि शेतकऱ्याच्या नावावर २४ टन लागतात! मग पुन्हा पाठवूच नये का? पण पहिला संदेशच हरवला असेल, तर खेप बुडाली. काट्याला हे दोन्ही प्रसंग अगदी सारखेच दिसतात.

म्हणून आम्ही संदेशातच पावती क्रमांक घालतो. सर्व्हर आधी तो शोधतो. सापडला, तर टन न मिळवता जुनेच उत्तर पुन्हा पाठवतो. मात्र टन आणि पावती क्रमांक डिस्कवर एकदमच लिहिले गेले पाहिजेत. दोहोंच्या मध्येच वीज गेली, तर घोटाळा पुन्हा तोच.