कर्करोग संशोधनाची वाट खान्देशातून

जळगावच्या विद्यापीठात किंवा धुळे जिल्ह्यात शिरपूरला औषधनिर्माणशास्त्र शिकणाऱ्या मुलामुलींना कर्करोग संशोधन खुणावते, तेव्हा नजर जाते ती नवी मुंबईतील खारघरच्या ‘ॲक्ट्रेक’कडे. टाटा स्मारक केंद्राच्या या संशोधन संस्थेत विद्यार्थ्यांना प्रशिक्षण मिळते. मात्र केवळ गुणांवर भागत नाही. मार्गदर्शक, पैसा आणि राहण्याची सोयही लागते. नेट-जेआरएफ मिळाल्यावर पीएच.डी.साठी सुरुवातीला दरमहा ३७ हजार रुपये मिळतात. त्याआधीच्या प्रशिक्षणात ही शिष्यवृत्ती नसते.

डॉ. कमल रणदिवे यांना ही गरज उमगली होती. डॉ. खानोलकर यांच्या मार्गदर्शनाखाली १९४९ मध्ये पीएच.डी. मिळवून त्या अमेरिकेत जॉर्ज गे यांच्याकडे शरीराबाहेर पेशी वाढवण्याचे तंत्र शिकल्या. परतल्यावर मुंबईत त्यांनी देशातील पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा उभारली. भारतीय महिला वैज्ञानिक संघटनेच्या १९७३ मधील स्थापनेतही त्या अग्रभागी होत्या. या संघटनेने वाशीत वसतिगृह आणि पाळणाघरही चालवले.

खान्देशातल्या प्राध्यापकांनी दिलेले एक शिफारसपत्र आणि संस्थेने उचललेला खोलीभाड्याचा भार एवढ्यानेही एखादा हुशार विद्यार्थी अर्ध्या वाटेवरून परतणार नाही.